हातावरचं दही, पाठीवरचा खो

सुहासिनीकाकू नातूंनी आयुष्यात एकच फुटबॉल सामना बिघडवला, आणि तोही मैदानापासून चांगल्या बारा मैलांवर, मेडनहेडमधल्या आपल्या किचनमध्ये उभं राहून. वाईट हेतू म्हणाल तर तिळाएवढाही नव्हता. पण करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, अशी गत कुणाचीही होते. काकूंची झाली ती आठशे लोकांनी पाहिली आणि पन्नासेक जणांनी मोबाइलवर शूट केली, एवढाच फरक.

आधी नातूंच्या घरात स्पॅनिश गोलकीपर आला कसा, ते सांगितलं पाहिजे. काकू मूळच्या मिरजेच्या. त्र्याऐंशी साली कमलाकरकाकांशी लग्न करून इंग्लंडला आल्या आणि पुढे बावीस वर्षं एका प्रायमरी स्कूलमध्ये डिनर लेडी, म्हणजे पोरांना दुपारचं जेवण वाढणाऱ्या बाई होत्या. रांगेत घुसणाऱ्या पोराला नुसत्या भुवईने मागे पाठवायचं, हे त्यांचं तिथलं कसब. काका रेल्वेच्या सिग्नल खात्यातून रिटायर झालेले, बोलणं मोजकं, चेष्टा मात्र भरपूर. मुलगी वैभवी लग्न होऊन एजवेअरला गेली आणि वरची खोली रिकामी पडली. शाळेतल्या एका जुन्या मैत्रिणीने सांगितलं, की विलोफर्डचा छोटा फुटबॉल क्लब आपल्या खेळाडूंसाठी घरगुती राहण्याची सोय शोधतोय. काकूंना वाटलं, एखादं अठरा वर्षांचं कार्टं येईल, त्याला खाऊपिऊ घालू, दोन शब्द सुनावू. आला तो तेहेतीस वर्षांचा, सहा फूट तीन इंचांचा बाप्या, दाढीत पांढरे केस, आणि दारातून आत येताना मान वाकवणारा. नाव एनेको. काकूंनी संध्याकाळपर्यंत त्याचा एनू करून टाकला, आणि त्याने त्यांना काकू म्हणायचं हेही ठरवून दिलं.

एनूचं गाव स्पेनच्या उत्तर किनाऱ्यावरचं, मासेमारीचं. बाप मासे डबाबंद करणाऱ्या कारखान्यात फोरमन. एनू लहानपणापासून गोलपोस्टमध्ये उभा राहिला, एका मोठ्या क्लबच्या ज्युनियर टीममध्ये निवडला गेला, वर्तमानपत्रात फोटोही आला. पण बावीस वर्षांचा झाला तेव्हा त्या क्लबने सांगितलं, की तू चांगला आहेस, आमच्याकडे तुझ्याहून चांगले दोन आहेत. मग तो इंग्लंडला आला. उत्तरेकडच्या एका क्लबात चार वर्षं तिसरा गोलकीपर, सामने शून्य. ग्लासगोजवळ दोन वर्षं, सामने सहा. मग दक्षिणेत इकडून तिकडे. गोलकीपरची जात वाईट. फॉरवर्ड चार असतात, डिफेंडर पाच असतात, गोलकीपर मात्र एकच खेळतो आणि दुसरा कोट घालून बाकावर बसतो. अकरा वर्षांत एनूचे सगळे मिळून एक्केचाळीस सामने झाले होते. एका लीगमध्ये त्याची टीम पहिली आली म्हणून त्यालाही मेडल मिळालं होतं, त्या अख्ख्या सीझनमध्ये तो एक मिनिटही खेळला नव्हता. ते मेडल तो एका जुन्या मोज्यात गुंडाळून ठेवायचा. बाप दोनदा विमानाने येऊन गेला, दोन्ही वेळा मुलगा बाकावर. आता विलोफर्डशी त्याचा एका वर्षाचा करार होता. क्लब वरच्या डिव्हिजनमध्ये गेला तर करार आपोआप दोन वर्षांनी वाढणार, नाही तर जूनअखेर बॅग भरायची आणि बापाच्या कारखान्यात जाऊन डबे मोजायचे. तेहेतिसाव्या वर्षी बाकावरच्या गोलकीपरला दुसरा क्लब कोण देतो?

हे सगळं त्याने पहिल्या आठवड्यातच पोह्यांची बशी समोर ठेवून सांगितलं. बोलणं अर्थातच इंग्रजीत. काकूंचा जीव त्याच दिवशी त्याच्यात अडकला. तोंडाने म्हणाल्या एवढंच, की पोहे गार होतायत.

ऑक्टोबरात पहिल्या गोलकीपरला रेड कार्ड मिळालं आणि पुढच्या शनिवारी एनू खेळणार, असं ठरलं. नेमका त्याच दिवशी एजवेअरला नातीच्या वाढदिवसाची पूजा, त्यामुळे काका-काकूंना मैदानावर जाता येईना. पण मुलगा परीक्षेला निघालाय आणि हातावर दही नाही, हे नातूंच्या घरात चालायचं कसं? एनू सकाळी सातलाच बाहेर पडणार होता. काकूंनी स्टीलच्या छोट्या डबीत घरच्या विरजणाचं दही आणि साखर भरली आणि त्याला बजावलं, की हे आमच्याकडे शुभ असतं, मैदानात उतरण्याआधी तळहातावर घे, विसरू नकोस. मग तळहातावरून ते चाटून खायचं, हे सांगायचं राहिलं. कशाला सांगतील? आपल्याकडे दीड वर्षाच्या पोरालाही ते कळतं.

सामन्याच्या चौथ्या मिनिटाला लांबून एक साधा, मरतुकडा बॉल आला. शाळेतल्या पोराने धरावा असा. एनूने तो दोन्ही हातांत घेतला, छातीशी नेला, आणि बॉल साबणाच्या वडीसारखा सटकून पायांमधून मागे गेला. त्या दिवशी विलोफर्ड तीन गोलांनी हरलं. रात्रीपर्यंत व्हिडिओ सगळीकडे. खाली लोकांनी लिहिलं, बोटांना लोणी लावून आलाय. बिचाऱ्यांना कल्पना नव्हती, की ते सत्याच्या किती जवळ पोचले होते.

एनू दोन दिवस खोलीतून फारसा बाहेर आला नाही. तिसऱ्या दिवशी काकूंना जिन्याखालच्या कपाटातून वास यायला लागला. आंबट, ओळखीचा. त्यांनी कपाट उघडलं, बॅग उघडली, ग्लोव्हज बाहेर काढले आणि नाकाशी धरले. दही त्यांनी ओळखलं नाही तर कोण ओळखणार? आपल्या हातचं विरजण होतं ते. त्या तिथेच जिन्याच्या पायरीवर बसल्या आणि त्यांनी एनूला हाक मारली.

त्याने सगळं सांगितलं. गोलकीपर लोक ग्लोव्हजच्या तळव्यांना कसली कसली चिकट मलमं लावतात, बॉल पक्का बसावा म्हणून. काकूंनी डबी दिली, तळहातावर घे म्हणाल्या, आत साखरही होती. त्याला वाटलं, भारतातलं काहीतरी जुनं खात्रीचं औषध असणार. त्याने डबी निपटून काढली आणि दोन्ही ग्लोव्हजना सारखं चोळलं. दह्यामुळेच बॉल सटकला हे नंतर कळलं, पण सांगितलं नाही.

"का नाही सांगितलंस?" काकूंनी विचारलं.

"तुम्ही ते प्रेमाने दिलं होतं," एनू म्हणाला. "मला वाटलं, मीच जास्त लावलं."

कमलाकरकाका हे ऐकून इतके हसले, की त्यांना चष्मा काढून ठेवावा लागला. काकू त्यांच्याशी दोन दिवस बोलल्या नाहीत. त्यांना हसू येत नव्हतं. अकरा वर्षं वाट पाहून माणसाला एक दार उघडतं, आणि आपण त्याच्या हाताला दही फासून ते बंद करतो? 

गप्प बसणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. गुरुवारी त्यांनी चांगली साडी नेसली, वर जाड कोट चढवला, ती स्टीलची डबी पर्समध्ये टाकली आणि काकांना गाडी काढायला लावून थेट विलोफर्डच्या मैदानावर मॅनेजरसमोर जाऊन उभ्या राहिल्या. मॅनेजर मकआर्डल नावाचा, ग्लासगोचा, चेहरा असा की हसला तर तडा जाईल. काकूंनी त्याला डबी दाखवली, पद्धत समजावली, सगळा दोष आपल्या डोक्यावर घेतला आणि पोराला पुन्हा संधी द्या म्हणून सांगितलं. मकआर्डलने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"मिसेस नातू," तो म्हणाला, "हातातून बॉल सुटणारा गोलकीपर मी एक वेळ समजू शकतो. ग्लोव्हजना दही लावणारा गोलकीपर मी समजू शकत नाही."

झालं. दुष्काळात तेरावा महिना. काकूंनी खरं सांगून एनूचं होतं नव्हतं ते नाव घालवलं. गोष्ट क्लबात पसरली, क्लबातून गावात, आणि पुढच्या सामन्याला तो बाकाकडे चालत जाताना मागून लोक 'योगर्ट, योगर्ट' म्हणून ओरडायला लागले. दोन टगे तर सुपरमार्केटमधून दह्याचे डबेच घेऊन आले. एनू हसून हात हलवायचा. काकू पाहायच्या, की हात हलवून झाल्यावर तो हात खिशात घालतो आणि मग नव्वद मिनिटं बाहेर काढत नाही.

आता त्या प्रत्येक सामन्याला जायला लागल्या. गोलच्या मागच्या बाजूला कठड्याला टेकून उभं राहायचं, फ्लास्कमधला चहा काकांना द्यायचा आणि मैदानाकडे डोळे लावायचे. फुटबॉलचे नियम त्यांना धड माहीत नव्हते. पण एक गोष्ट त्यांना पहिल्या महिन्यातच दिसली. पेनल्टी लागली, की गोलकीपर मारणाऱ्याच्या आधीच एका बाजूला झेप घेतो, आणि बॉल निवांतपणे दुसरीकडे जातो. विलोफर्डचा गोलकीपर तसाच, समोरच्यांचा तसाच, आणि एनूचे जुने व्हिडिओ पाहिले तर तोही तसाच. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. काकूंना ते बघवेना. कारण एक खेळ त्या पक्का ओळखत होत्या, आणि त्या खेळात आधी हलला तो बाद असायचा.

सुहासिनी नातू ही लग्नाआधी मिरजेची सुहासिनी केळकर होती, आणि सुहासिनी केळकर खो-खोत अशी पळायची, की तालमीतले पैलवान कुस्ती सोडून बघायला यायचे. हे इंग्लंडमध्ये कुणाला सांगणार? सांगून समजणार कुणाला? चाळीस वर्षं त्या विषयावर त्यांनी तोंड उघडलं नव्हतं. नोव्हेंबरच्या एका रविवारी त्यांनी पंजाबी ड्रेसवर काकांचा स्वेटर चढवला, पायांत बूट घातले आणि एनूला मागच्या गार्डनमध्ये बोलावलं.

दोन रिकाम्या कुंड्या ठेवून गोल केला. काकूंच्या हातात टेनिसचा चेंडू. त्या शेडपासून धावत येणार, डावीकडे किंवा उजवीकडे चेंडू टाकणार, आणि एनूने तो अडवायचा. सोपं होतं. काकू सदुसष्ट वर्षांच्या, गुडघा एक दुखरा. एनू मनात हसला असणार. पहिल्या दिवशी काकूंनी वीस चेंडू टाकले, त्यातले सतरा आत गेले. डोळे एकीकडे, मान दुसरीकडे, पाऊल तिसरीकडे, आणि चेंडू भलतीकडे. एनू चिखलात लोळून लोळून ओळखू येईनासा झाला. शेजारच्या बाईने कुंपणावरून डोकावून काकांना विचारलं, सगळं ठीक आहे ना. काका म्हणाले, आमच्याकडे संक्रांतीपर्यंत हे चालतं.

मग काकूंनी त्याला बसवून समजावलं. खो-खोत पाठलाग करणाऱ्याला एक बंधन असतं. खांदा एकदा ज्या बाजूला वळला, त्या बाजूलाच जायचं, मागे फिरायचं नाही. म्हणून पळणाऱ्याने डोळे बघायचे नाहीत, पाय बघायचे नाहीत. डोळे खोटं बोलतात, पाय खोटं बोलतात, मान तर अट्टल खोटारडी. खांदा मात्र खोटं बोलू शकत नाही, कारण सगळं अंग त्याच्या मागून येतं. पेनल्टी मारणाऱ्याचंही तसंच असणार. त्याचा खांदा वळेपर्यंत हलायचं नाही. लोक म्हणतात थांबला तो संपला. खो-खोत थांबला तो टिकला.

एनूने त्यांना मग सगळा खेळच विचारून घेतला. काकूंनी बागेतली काठी घेऊन हिरवळीवर आठ खुणा केल्या. इथे आठ जण ओळीने उकिडवे बसतात, एक जण पाठलाग करतो. पाठलाग करणारा मागून येऊन पाठीवर थाप मारतो, 'खो' म्हणतो, आणि मगच बसलेल्याने उठायचं. खो मिळण्याआधी उठलास तर फाउल.

एनू त्यातल्या एका खुणेवर जाऊन उभा राहिला. म्हणाला, "हा खेळ मला येतो. मी अकरा वर्षं बसलोय."

काकूंना गलबलून आलं. पण त्या रडणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्यांनी त्याला तिथे खुणेवर उकिडवं बसायला लावलं आणि काठीने त्याच्या टाचेला टोचलं. टाच टेकायची नाही, म्हणाल्या. टाच टेकून बसलेला खो मिळाल्यावर उठेपर्यंत गडी निसटून जातो. बसायचं ते चवड्यांवर. बाकावर बसतोस तेव्हाही चवड्यांवरच बस. सहा फूट तीन इंचांचा माणूस मेडनहेडच्या थंडीत उकिडवा बसून तोल सांभाळत होता, आणि किचनच्या खिडकीतून काका फोटो काढत होते.

हिवाळाभर हे चाललं. डिसेंबरात वीसातले दहा चेंडू आत गेले, फेब्रुवारीत पाच. ग्लोव्हज काकू स्वतः धुवायच्या, कोमट पाण्यात, पैठणी धुवावी तसे हलक्या हाताने, आणि सावलीत वाळवायच्या. फेब्रुवारीतल्या एका सकाळी एनूने विचारलं, की खांदा वळलाच नाही तर काय करायचं.

काकूंनी चेंडू खिशात टाकला. हे उत्तर त्यांनी शेहेचाळीस वर्षं कुणाला दिलं नव्हतं, नवऱ्यालासुद्धा नाही. काकांना एवढंच माहीत होतं, की राज्य अजिंक्यपदाच्या फायनलला काकूंचा सांगली जिल्ह्याचा संघ दुसरा आला होता.

"मी खांबाजवळ होते," त्या म्हणाल्या. "शेवटची गडी. आठ सेकंद काढायचे होते. ती मुलगी सरळ अंगावर आली, खांदा कुठेच वळवला नाही. मला धीर निघाला नाही. मी डावीकडे पळाले, आणि तिने तिकडेच सूर मारला. एका गुणाने हरलो. ती मला पकडणार नव्हतीच, एनू. ती फक्त वाट बघत होती, मी कधी हलते त्याची." त्यांनी चेंडू पुन्हा बाहेर काढला आणि त्या म्हणाल्या, "खांदा वळला नाही, तर उभा राहा. जे येतंय ते तुझ्याकडेच येतंय."

तिकडे क्लबातही हळूहळू फरक दिसायला लागला. प्रॅक्टिस संपली, की एनू फॉरवर्ड लोकांना थांबवून पेनल्टी मारायला लावायचा. आधी सगळे चेष्टेने मारायचे. मग चेष्टा संपली, कारण तीनातली एक जाईना. मग पैजा लागल्या. मार्चमध्ये मकआर्डल आपल्या ऑफिसच्या खिडकीशी कॉफीचा मग घेऊन उभा राहायला लागला.  पहिला गोलकीपर बावीस वर्षांचा, उंच, चपळ, सगळं चांगलं खेळणारा होता. त्याला काढायचं कारणच नव्हतं. एनू बाकावरच राहिला. पण काकूंनी कठड्यापाशी उभं राहून दुर्बिणीतून तपासलं होतं. टाचा वर होत्या.

मे महिन्यात विलोफर्ड प्ले-ऑफच्या फायनलला पोचलं. रविवारी दुपारी, घरच्या मैदानावर. जिंकलं तर वरची डिव्हिजन, आणि एनूची दोन वर्षं. हरलं तर जून. एनूने खरंच बॅग खाली काढून ठेवली होती, काकूंनी ती कपाटावर परत ठेवून दिली. निघताना काकूंनी वाटी आणली. एनूने सवयीने हात पुढे केला. काकूंनी त्याच्या हातावर चापट मारली, आ करायला लावलं आणि दहीसाखरेचा चमचा सरळ तोंडात घातला. हातावर नाही बाबा, आता उभ्या आयुष्यात हातावर नाही.

सामना काही बघण्यासारखा नव्हता. दोन्ही टीम घाबरलेल्या. समोरच्यांनी एक गोल केला, विलोफर्डने शेवटच्या दहा मिनिटांत फेडला. जादा वेळेचा अर्धा तास नुसती ढकलाढकली. तीन हजार लोक, आणि त्यांच्यात काकू एकट्याच साडीत, हातात चहाचा रिकामा कप चुरगाळून धरलेला. एकशे एकोणिसाव्या मिनिटाला मकआर्डल बाकाकडे वळला आणि अंगठ्याने खूण केली. एनू उठला. कोट त्याने आधीच काढून ठेवला होता.

पहिला गोलकीपर बाहेर, एनू आत. फक्त पेनल्टींसाठी. लोकांना आधी समजलंच नाही, आणि समजलं तेव्हा सगळ्या मैदानातून एक कण्हल्यासारखा आवाज आला. काकूंच्या शेजारचा लाल मफलरवाला गृहस्थ डोकं धरून म्हणाला, की गेली, आता गेली, योगर्टला आणलंय. काकूंनी त्याच्याकडे अशा नजरेने पाहिलं, की त्याने मफलर नीट केला. एके काळी त्या नजरेने शाळेतलं अख्खं जेवणघर चिडीचूप व्हायचं.

विलोफर्डने पहिली पेनल्टी मारली, गोल. समोरच्यांनी मारली, एनू थांबला, थांबला, मग उजवीकडे गेला, बोटाला चाटून बॉल आत. दुसरी विलोफर्डची गोल. त्यांच्या दुसऱ्या माणसाने डोळे डावीकडे लावले, मान डावीकडे, आणि खांदा वळला उजवीकडे. एनू तिथे आधीच होता असं वाटावं, इतक्या सहज त्याने बॉल बाहेर ढकलला. लाल मफलरवाल्याने काकूंना मिठीच मारली आणि मग माफी मागितली. काकूंनी माफ केलं. तिसऱ्याला विलोफर्डचा बॉल बारवरून गेला, त्यांचा आत गेला, सगळं पुन्हा सारखं. चौथी दोघांचीही गोल. पाचवी विलोफर्डची गोल. चार विरुद्ध तीन. आता त्यांची शेवटची. अडली तर संपलं, गेली तर पुन्हा मरण.

मारायला आला त्यांचा कॅप्टन. अनुभवी, पस्तिशीचा, बनेल. त्याने ऑक्टोबरचा तो व्हिडिओ पाहिलेला असणार, आणि आताच्या चार पेनल्टींना एनू चारही वेळा शेवटी कुठल्या तरी बाजूला झेपावलाय, हेही पाहिलेलं होतं. त्याने बॉल ठेवला, चार पावलं मागे गेला, आणि धावत सुटला. डोळे डावीकडे. पाय उजवीकडे. कमरेतून हूल. खांदा मात्र सरळ.

काकूंनी ते पन्नास पावलांवरून पाहिलं. त्यांना खो-खोच्या फायनलमधली ती मुलगी दिसली, सरळ अंगावर येणारी. काकूंचा डावा पाय आपोआप हलायला लागला, तो त्यांनी जमिनीवर दाबून धरला.

कॅप्टनने बॉलखाली हळूच पाय घातला. गोलकीपर कुठे तरी लोळत असेल, आणि बॉल मधोमध अलगद तरंगत जाळ्यात जाऊन बसेल, असा थाटाचा, अपमान करणारा फटका. बॉल वर गेला, निवांत खाली आला, आणि एनूने तो दोन्ही हातांत धरला. तो कुठे गेलाच नव्हता. रेषेवर उभा होता, जसा मघाशी होता तसा, बसस्टॉपवर उभा असावा तसा. त्याने बॉल छातीशी नेला आणि घट्ट धरून ठेवला.

एक क्षण कुणाला कळेचना की झालं काय. मग तीन हजार लोक एकदम ओरडले. मकआर्डल हातातली बाटली फेकून, तोंडभर हसत मैदानात धावत सुटला, आणि चेहऱ्याला कुठेही तडा गेला नाही. लोक कठडे ओलांडून आत शिरले. 'योगर्ट, योगर्ट' पुन्हा सुरू झालं, पण आता त्या शब्दात जत्रेतला उत्साह होता, आणि ज्या दोन टग्यांनी ऑक्टोबरात डबे आणले होते, ते एकमेकांच्या गळ्यात पडून रडत होते. काकाही रडत होते. काकू तेवढ्या जागच्या जागी उभ्या होत्या, दोन्ही हात कठड्यावर.

एनूने खेळाडूंच्या मिठ्या सोडवल्या, गर्दीतून वाट काढली आणि तो सरळ काकूंच्या कठड्याकडे धावत आला. कॅमेरेवाले मागून आले. सगळ्यांना वाटलं, मिठी मारणार, फोटो चांगला येईल. एनू कठड्याशी पोचला, बॉल खाली ठेवला, वळला, आणि काकूंकडे पाठ करून गवतावर उकिडवा बसला. टाचा वर.

लाल मफलरवाल्याने विचारलं, की त्याला काही लागलं का.  काकूंनी पदर खोचला, कठड्यावरून वाकल्या, आणि त्या रुंद, घामाने भिजलेल्या पाठीवर सगळा जोर लावून थाप मारली.

"खो!"

एनू बाणासारखा सुटला आणि अख्ख्या मैदानाला चक्कर मारायला लागला. त्याच्यामागे टीम, टीममागे लोक, आणि कुणालाच ठाऊक नव्हतं की आपण का पळतोय. काकांनी चष्मा पुसला आणि विचारलं, की एवढा मोठा आवाज तू कुठे लपवून ठेवला होतास. मिरजेला, काकू म्हणाल्या, आणि पुढच्या फेरीला एनू समोरून गेला तेव्हा त्यांनी त्याच्या टाचा पाहिल्या. दोन्ही वर होत्या.